मालकाच्या रकान्यातलं नाव

रविवारी दुकान बंद असतं, म्हणून घरातले सगळे रविवारी दुकानात जमले. घर चौथ्या मजल्यावर आणि सासूबाईंचे गुडघे तळमजल्याचे, त्यामुळे या कुटुंबातली मोठमोठी भांडणं कायम बटणांच्या कपाटांसमोरच व्हायची. मधल्यांच्या लग्नाचं इथेच झालं. वाटणीचं इथेच झालं. आणि बारा वर्षांपूर्वी ‘इंटरनेटवर बटण कोण विकत घेणार’ हेही इथेच, याच लांब टेबलाभोवती झालं. ते एक भांडण वन्संनी जिंकलं होतं. बाकीच्यांत कोणी जिंकलं की काय ते अजून ठरायचं होतं.

आज वन्संची खुर्ची टेबलाच्या टोकाला होती आणि तिच्यावर कोणी बसत नव्हतं. तिच्यावर पार्सलच्या रिकाम्या पेट्या रचल्या होत्या. वहिनींनीच रचल्या होत्या, खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून.

“पुन्हा सांगा, शेजारचा घड्याळजी नक्की काय म्हणाला,” मधले दीर म्हणाले. ते विमा कंपनीत होते आणि कुठलीही गोष्ट दोनदा ऐकल्याशिवाय झाली असं मानत नसत.

“दाराशी उभा होता,” वहिनी म्हणाल्या. “म्हणाला, आमचं झालं बुवा हलवून, तुमचं कुठे नेलंत? मी म्हटलं, काय हलवून? तर म्हणाला, वेबसाइट. जावईबापूंनी सगळ्यांना कळवलंय, महिनाअखेरीला मशीन बंद करतायत, दुसऱ्या गावी नोकरी धरलीय. आपापलं सामान काढून न्या.”

“महिनाअखेर म्हणजे बुधवार.”

“बुधवार.”

जावईबापू म्हणजे वन्संचे यजमान. शहरातल्या चाळीसेक लहान दुकानदारांच्या वेबसाइटी त्यांनी बनवल्या होत्या आणि त्या सगळ्या त्यांच्या घरातल्या मागच्या खोलीत, एका कपाटात घरघरणाऱ्या मशीनवर राहत होत्या. बटणांचं ऑनलाइन दुकान ही त्यातली पहिली. तेव्हा ते दोघं नुकते लग्न झालेले, आणि करार वगैरे करणं म्हणजे बहिणीच्या नवऱ्याकडून जेवणाची पावती मागण्यासारखं वाटलं होतं. कोणी काही लिहून घेतलं नाही. किल्ल्या त्यांच्याकडे, दुकान यांचं, आणि मधे वन्सं. वन्सं होत्या तोवर त्या व्यवस्थेत काही खोट दिसली नव्हती.

चौदा महिन्यांपूर्वी वन्सं गेल्या. मधला खांब निघाला आणि दोन्ही घरं आपापल्या जागी उभी राहिली, एकमेकांकडे न बघता.

“घाबरायचं काही कारण नाही,” वहिनींचे यजमान, दादा, म्हणाले. थोरले असल्यामुळे त्यांना सगळे, अगदी त्यांची आईसुद्धा, दादाच म्हणत. ते उठले, मागच्या खणातून एक पत्र्याचा डबा काढून आणला आणि टेबलावर ठेवला. “दर शनिवारी, शटर ओढायच्या आधी, मी अख्खं दुकान यात उतरवून घेतो.”

डब्यात बारा पेनड्राइव्ह होते, ज्या पुठ्ठ्यावर नमुन्याची बटणं टाचतात त्या पुठ्ठ्याला दोऱ्याने एकेक करून टाचलेले. प्रत्येकाखाली वर्ष.

“एक शनिवार चुकवला नाही,” दादा म्हणाले. “छोटी दवाखान्यात होती तेव्हाही अर्ध्या तासासाठी येऊन गेलो.”

वन्संना घरात सगळे छोटीच म्हणत. वहिनींना तो शनिवार आठवला. ‘जरा दुकानात जाऊन येतो’ म्हणाले होते, आणि त्या मनात चिडल्या होत्या.

मधल्यांनी लॅपटॉप उघडला, शेवटच्या वर्षाचा पेनड्राइव्ह दोऱ्यातून सोडवून लावला. पडद्यावर दुकान उघडलं. वरती नाव, खाली वन्संच्या हाताचा फोटो, तळव्यावर एक पितळी बटण. नुसता हातच, पण सासूबाईंनी चष्मा काढला.

“हं,” दादा म्हणाले. त्या एका ‘हं’मध्ये बारा वर्षांचे शनिवार होते.

मधल्यांनी ‘शिंगाची बटणं’वर टिचकी मारली. पान सापडलं नाही. ‘शिंपल्याची’वर मारली. पान सापडलं नाही.

“जरा जोरात दाब,” दादा म्हणाले.

“दाबलं, दादा.” मधल्यांनी आणखी एक पेनड्राइव्ह लावला, मग सर्वांत जुना. सगळीकडे तोच हात, तेच बटण, आणि मागे काही नाही. मग शक्य तितक्या हळू म्हणाले, “तू दर वेळी पहिलं पान साठवलंस. दार उतरवून घेतलंस रे. दुकान आतच राहिलं.”

“सगळ्यांत?”

“सगळ्यांत.”

दादांनी सोडवलेले पेनड्राइव्ह पुन्हा पुठ्ठ्याला, आपापल्या वर्षावर, नीट टाचायला घेतले. सुईत दोरा ओवायला त्यांना तीन प्रयत्न लागले. वहिनींनी हात पुढे केला नाही. काही वेळा मदत केली की माणूस जास्त उघडा पडतो.

आत काय राहिलं होतं ते वहिनींइतकं कोणालाच माहीत नव्हतं. अर्ध्याहून जास्त पार्सलं आता त्या दुकानातून जात, हे एक झालं. ते कधीतरी पुन्हा उभं करता आलं असतं. बटणं तर कपाटांत होतीच. पण लोक हरवलेल्या बटणाचा जोडीदार शोधायला फोटो पाठवत, सोबत चार ओळी लिहीत, आणि वन्सं त्यांना उत्तर देत. बारा वर्षांची ती पत्रं. गिऱ्हाइकांनीच त्यांचं नाव ‘बटणबाई’ पाडलं होतं आणि त्यांनी ते नाव मिरवलं होतं. एखादी बाई गेली की तिचे कपडे राहतात, चष्मा राहतो; तिचं बोलणं कुठे राहत नाही. वन्संचं राहिलं होतं. एका कपाटातल्या मशीनवर, बुधवारपर्यंत.

“मी नोटीस देतो,” मधले म्हणाले. “बटणं आपली, फोटो आपले, गिऱ्हाइकं आपली. असं कसं बंद करता येईल?”

“नोटीस कोणाला?” दादा म्हणाले. “छोटीच्या नवऱ्याला?”

“छोटी असती तर त्याने हे केलं असतं का?”

“नोटीस पोचेपर्यंत बुधवार होऊन जाईल,” वहिनी म्हणाल्या.

“मधला बरोबर बोलतोय,” सासूबाई म्हणाल्या, आणि सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. सासूबाई आणि मधले यांचं एकमत झाल्याची नोंद घरात नव्हती. “वर्षभर तोंड दाखवलं नाही त्याने. माझी पोर गेली, माझ्याकडे येऊन कधी बसला? आणि आता जायच्या आधी दुकानही बुडवतोय.”

“आपण तरी कुठे गेलो, आई?” वहिनी म्हणाल्या. “आणि ते का येत नाहीत हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे.”

मधल्यांनी लॅपटॉप मिटला. “बोला ना वहिनी. मोकळं बोला.”

“बोलले तर झोंबेल, भाऊजी.”

“चौदा महिने झोंबतंयच. बोला.”

“दवाखान्याच्या जिन्यात तुम्ही त्यांना म्हणालात, पासवर्ड वगैरे सगळं लिहून ठेवा, नंतर शोधाशोध नको. वन्सं तेव्हा आत होत्या. जिवंत होत्या.”

“मला माहीत आहे ती जिवंत होती.” मधल्यांचा आवाज एकदम लहान झाला. “मी रोज ऑफिसात तेच बघतो, वहिनी. माणूस जातो आणि घरचे कागद शोधत फिरतात. डॉक्टर बाहेर येऊन ते सगळं बोलून गेले, आणि माझ्या डोक्यात दुसरं काही येईचना. ज्याला जे येतं तेच सुचतं.” ते थांबले. “दादा शनिवार गाठायला गेला. मी कागद मागितले. काय फरक आहे सांगा.”

दादा दोऱ्याची गाठ मारत होते. मान वर न करता म्हणाले, “काही फरक नाही. चला, सगळेच जाऊ.”

“मीही येणार,” सासूबाई म्हणाल्या. “मला त्याला विचारायचंय.”

“काय?”

“ते मी तिथे गेल्यावर ठरवीन.”

जावईबापूंच्या इमारतीला लिफ्ट होती. सासूबाईंच्या मते जावयाच्या बाजूने बोलण्यासारखी ती एकच गोष्ट होती. दार उघडलं तेव्हा जावईबापूंच्या मनगटात चिकटपट्टीचं वेटोळं बांगडीसारखं अडकलेलं होतं आणि पायात मोजे, दोन वेगवेगळे. मागे बोळकांडीत खोकी रचलेली. ते चौघांकडे एकेक करून बघत राहिले, जणू चार वेगवेगळी माणसं चार वेगवेगळ्या कामांसाठी आली असावीत.

“या,” ते म्हणाले. “आई, तुम्ही इकडे बसा. ती खुर्ची डुगडुगते.”

“तू वाळलायस,” सासूबाई म्हणाल्या. ठरवून आलेला प्रश्न हा नसावा, कारण पुढे त्यांना काही सुचलं नाही.

मधल्यांनी सुरुवात केली, आणि चांगली केली नाही. “बुधवारी मशीन बंद करताय आणि आम्हाला शेजारच्या घड्याळजीकडून कळतंय.”

“तुम्हाला ईमेलवर तीन पत्रं पाठवली,” जावईबापू म्हणाले. “तीन महिन्यांत तीन. बाकीच्यांनी पहिल्यालाच उत्तर दिलं. तुमच्याकडून एकालाही नाही. मी समजलो.”

“काय समजलात?”

“की तुम्हाला माझ्याशी बोलायचं नाही. दुकानासाठीसुद्धा.”

“एकही पत्र आलं नाही,” दादा म्हणाले.

“दादा, मी खोटं कशाला बोलू?” ते उठून मागच्या खोलीत गेले आणि सगळे त्यांच्या मागोमाग गेले. कपाटाचं दार उघडं होतं, आत मशीन घरघरत होतं, समोर एक टेबलपंखा त्याला वारा घालत होता. जावईबापूंनी पडद्यावर यादी उघडली. चाळीस ओळी: दुकान, मालक, मालकाचा पत्ता, पत्र गेल्याची तारीख. “हे बघा. सात तारीख. मग पुन्हा सात. मग ही गेल्या सोमवारची. गेलेलं आहे. पोचलेलंही आहे.”

वहिनी पुढे वाकल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं जोडून वाचायला वेळ लागे, आणि म्हणूनच त्या प्रत्येक अक्षर वाचत. मालकाच्या रकान्यात वन्संचं नाव होतं. पत्त्याच्या रकान्यात वन्संचा पत्ता.

त्यांनी बोट ठेवलं.

जावईबापूंनी त्या बोटाकडे पाहिलं आणि मग ते हळूहळू खुर्चीत बसले. पंखा फिरत राहिला.

“एका बटणावर चाळीस पत्रं जातात,” ते म्हणाले. “एकेक बघत नाही कोणी.” मग म्हणाले, “तिचा फोन त्या खणात आहे. मी चार्ज करत असतो. कशाला, ते विचारू नका. मी पत्रं पाठवली आणि फोन वाजला. तिन्ही वेळा वाजला. मी इथेच बसलो होतो. मला वाटलं, असाच वाजला असेल.”

त्यांनी खण उघडला. फोन बाहेर काढून पडदा वर करून टेबलावर ठेवला. न वाचलेली पत्रं, एकाखाली एक, आणि त्यात तीन त्यांच्याच नावाची. ‘प्रिय ग्राहक’ अशी सुरुवात दिसत होती.

“प्रिय ग्राहक,” सासूबाईंनी वाचलं. त्या जावयाच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. काहीतरी विचारायला आलेल्या त्या बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

मधले खिडकीशी गेले. “जिन्यातलं ते,” ते बाहेर बघत म्हणाले, “मी तसं बोलायला नको होतं.”

“तुम्ही बोललात ते बरोबरच होतं,” जावईबापू म्हणाले. “म्हणून तर राग आला.”

मग काम सुरू झालं, आणि काम सुरू झाल्यावर सगळ्यांना जरा श्वास घेता आला. जावईबापू समजावून सांगायला लागले की त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. दुकान हलवायचं म्हणजे तीन गोष्टी न्यायच्या. एक सामान: पानं, फोटो. दुसरी नोंदवही: कोण गिऱ्हाईक, कोणी काय मागवलं, आणि सगळी पत्रं. तिसरं दुकानाचं नाव, जे टाइप केलं की लोक दारात येतात.

“पहिली दोन नेली आणि नाव माझ्याकडे राहिलं, तर लोक इथेच येत राहतील, आणि इथे कोणी नसेल.”

“नाव कोणाच्या नावावर आहे?” मधल्यांनी विचारलं.

“माझ्या. तेव्हा घाईत घेतलं, ते राहूनच गेलं. आज तुमच्या नावावर करतो. नवीन जागा घ्याल ती कंपनीही तुमच्या नावाने घ्या, माझ्या ओळखीने नको. उद्या मी गेलो, किंवा आपलं भांडण झालं, किंवा मी मेलो, तरी तुमचं अडता कामा नये. हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो.” ते थांबले. “घरच्यांना सांगितलं नाही.”

दादांनी घसा साफ केला. “आणि प्रत घ्यायची ती कशी? नीट.”

“मी लिहून देतो. पण दादा, प्रत घेतली की काम अर्धंच झालं. ती दुसऱ्या मशीनवर उघडून, आत फिरून बघायची. फिरता आलं तर ती प्रत.”

“मला कोणी सांगितलं नव्हतं.”

“तुम्ही दर शनिवारी साडेसातला वेबसाइटवर यायचात, मला दिसायचं. मला वाटायचं, दादा सहज दुकान बघून जातात. तिलाही मी सांगितलं होतं. ती म्हणाली, दादाला विचारू नकोस, लाजेल.”

दादा हसले. तसं हसताना वहिनींनी त्यांना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, आणि ते हसणं कुठे जाऊन पोचणार हे कळल्यामुळे त्यांनी मान वळवली.

प्रत उतरायला लागली. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. मग मालक बदलायचा होता, त्यासाठी जावईबापूंनी दुकानाच्या आत ये-जा करणाऱ्यांची यादी उघडली. त्यात दोनच नावं. एक त्यांचं. दुसरं ‘बटणबाई’. आणि त्यापुढे शेवटच्या प्रवेशाची वेळ. मधल्यांनी सवयीप्रमाणे मोठ्याने वाचलं.

“आज. सकाळी सहा वाजून दोन मिनिटं.” मग पुन्हा एकदा, “आज?”

कपाटातलं मशीन घरघरत होतं. वहिनींना वाटलं, हे कधीतरी होणारच होतं, पण आपण एकट्या असताना होईल असं का बरं धरून चाललो होतो?

“मी आहे,” त्या म्हणाल्या. “वन्संनी दवाखान्यात पासवर्ड सांगितला होता. म्हणाल्या, माझी पत्रं तुंबतील, बघाल का? दुकानाची पत्रपेटी तेवढी उघडते त्याने, बाकी काही नाही. मी उत्तरं द्यायला लागले.”

“ते आम्हाला माहीत आहे,” दादा म्हणाले. “तू पत्रांना उत्तरं देतेस ते.”

“खाली त्यांचं नाव घालून देते.”

दादांनी पडद्यावरचं ‘बटणबाई’ पुन्हा वाचलं.

“पहिल्या दिवशी एका बाईंनी लिहिलं होतं, बटणबाई, तुमची वाट बघतेय. आता तिला काय लिहू? मी लिहिलं, उशीर झाला, माफ करा. खाली बटणबाई. म्हटलं उद्या सांगू. मग रोज उद्याच.”

“चौदा महिने,” मधले म्हणाले. “गेलेल्या माणसाच्या सहीने. वहिनी, माझ्या ऑफिसात याला काय म्हणतात माहीत आहे?”

“मला माहीत होतं,” जावईबापू म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं.

“कोणी आत आलं की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. पहिल्यांदा लागला तेव्हा मी…” ते थांबले. “जाऊ दे. दुसऱ्या दिवशी कळलं, तुम्हीच असणार. इतक्या पहाटे आमच्या दोघांपैकी कोणी कधी उठलं नव्हतं. पण मग मीही सहाला उठायला लागलो. ठिपका लागायचा. अर्धा तास असायचा. मी इथे चहा घेऊन बसायचो.”

“मला सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही थांबला असतात.”

सासूबाईंनी बाहेरची डुगडुगणारी खुर्ची ओढून आणली आणि तिच्यावर बसल्या, कोणी काही म्हणायच्या आत. “तिचं एक वाच,” त्या जावयाला म्हणाल्या. “खरं तिचं. जुनं.”

जावईबापूंना शोधावं लागलं नाही. कुठलं पत्र कुठे आहे ते त्यांना पाठ होतं. कोणा बाईने नवऱ्याच्या कोटासाठी तपकिरी बटण मागवलं होतं. नवरा वारला होता. जावईबापूंनी वन्संचं उत्तर वाचलं: “कोट कोणाला देऊन टाकणार असाल तर सगळी बटणं नवीन लावा, देताना बरं दिसतं. स्वतः घालणार असाल तर हे एक वेगळंच राहू द्या. अंधारात कोट चढवताना बोटाला कळतं, आपण कुठवर आलो ते. आणि बाई, खिसे तपासा. पुरुष खिशात काय काय ठेवून जातात, देवाला माहीत.”

सासूबाईंच्या खांद्यांना हलका हिसका बसला. त्या हसत होत्या. डोळे पुसून म्हणाल्या, “आता हिचं.”

“नको, आई,” वहिनी म्हणाल्या.

“वाच.”

मधल्यांनी वाचलं. “दोन भोकांचं, बावीस मिलिमीटर, तपकिरी. मिळेल. सोमवारी पाठवते. काळजी घ्या. बटणबाई.”

“ही छोटी नाही,” सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. कपड्याचा पोत चिमटीत धरून बघावा तशा म्हणाल्या. “माझ्या पोरीने जन्मात कोणाला ‘काळजी घ्या’ सांगितलं नाही. ती सरळ म्हणायची, मरू नकोस, तुझ्याशी काम आहे.”

वहिनींना हसू आलं आणि त्या हसण्यातच डोळे भरून आले. तीस वर्षं त्यांनी या बाईची बोलणी खाल्ली होती. एवढं खरं त्यातलं एकही नव्हतं.

पट्टी भरली. मधल्यांच्या लॅपटॉपवर प्रत उघडली, आणि जावईबापूंनी दादांपुढे सरकवली. दादांनी ‘शिंगाची बटणं’वर टिचकी मारली. पान उघडलं. ‘शिंपल्याची’ उघडलं. ‘लाकडी’, ‘पितळी’, ‘कडीची’. ते प्रत्येक कप्प्यात गेले, कोणी ‘पुरे’ म्हटलं नाही.

मालकाच्या रकान्यात कोणाचं नाव घालायचं हे विचारल्यावर मधल्यांनी दादांकडे पाहिलं आणि दादांनी बायकोकडे. “हिचं,” ते म्हणाले. वन्संच्या फोनवर एक आकडा आला, जावईबापूंनी तो घातला, आणि रकान्यातलं नाव बदललं. कुठे काही वाजलं नाही.

“आणि हे?” त्यांनी ‘बटणबाई’वर बोट ठेवलं. “हे काढू?”

“राहू दे की,” मधले म्हणाले, आणि स्वतःच दचकले. “म्हणजे, नियमाने नाही ते. पण राहू दे.”

सासूबाईंनी काही मत दिलं नाही. वहिनींनीही नाही, आणि नाव राहिलं.

निघताना जावईबापू लिफ्टपर्यंत आले. आईंना त्यांनी हात धरून आत चढवलं. मग वहिनींना म्हणाले, “उद्यापासून मला ठिपका दिसणार नाही.”

“मी फोन करीन.”

“करा. पण सहाला नको.”

सोमवारी सहाला वहिनी खाली उतरल्या. दुकानात दिवा लावला, लॅपटॉप उघडला. दुकान आता वहिनींच्या नावाने घेतलेल्या जागेत, दुसऱ्या कुठल्यातरी शहरातल्या मशीनवर राहत होतं, पण पडद्यावर काही फरक नव्हता; तोच हात, तेच पितळी बटण. त्यांनी ‘बटणबाई’ म्हणून प्रवेश केला. चार पत्रं होती. पहिली तीन साधी. चौथं एका नाटक कंपनीच्या कपडेवालीचं. ती पहिल्या वर्षापासूनची. वन्सं तिची पत्रं जेवताना मोठ्याने वाचून दाखवायच्या.

‘बटणबाई,’ तिने लिहिलं होतं, ‘राजाच्या अंगरख्याचं एक शिंपल्याचं बटण पडलं. फोटो जोडलाय. राजा सध्या सेफ्टी पिनवर राज्य करतोय. दुसरं असं की गेलं वर्षभर तुम्ही माझ्याशी भांडला नाहीत. मी दोनदा मुद्दाम चुकीचं माप लिहिलं, तेही तुम्ही गुपचूप दुरुस्त केलंत. रागावलात का? की तब्येत बरी नाही? खरं काय ते लिहा.’

वहिनी उठल्या. शिंपल्याच्या कपाटातले तीन खण बघितले, फोटोशेजारी एकेक बटण धरून बघितलं, दोन परत ठेवली. मग टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवरच्या पेट्या एकेक करून खाली ठेवल्या आणि तिच्यावर बसल्या. ‘बटणबाई’तून बाहेर पडल्या. स्वतःच्या नावाने, पहिल्यांदाच, आत आल्या. सवय नव्हती, पासवर्ड दोनदा चुकला.

‘बाई,’ त्यांनी लिहिलं, ‘बटणबाई गेल्या. चौदा महिने झाले. तेव्हापासूनची उत्तरं माझी आहेत. मी त्यांची वहिनी. आधी सांगायला हवं होतं, जमलं नाही. त्या तुमची पत्रं आम्हाला जेवताना वाचून दाखवायच्या.

‘राजाचं बटण मिळालं. माप बरोबर आहे, चमक थोडी कमी आहे. दिव्याखाली लोकांना कळणार नाही, पण तुम्हाला कळेल. चालणार असेल तर आज पाठवते.’

खाली स्वतःचं नाव घातलं. आणखी एक ओळ लिहिली, ‘काळजी घ्या’. ती जराशी बघितली, आणि तशीच राहू दिली.